सेन्सरच्या पल्सपासून कर्नलच्या हँडलरपर्यंत: रास्पबेरी पायवर पहिला इंटरप्ट ड्रायव्हर

कोल्हापूरकडचं शिवाजी उद्यमनगर असो, शिरोली असो की गोकुळ शिरगाव, शेडमध्ये एक प्रश्न रोज विचारला जातो: या प्रेसनं शिफ्टमध्ये नक्की किती स्ट्रोक मारले? प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाजवळ, म्हणजे रॅमजवळ, प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की सिग्नल देणारा) बसवायचा, त्याचा पल्स छोट्या लिनक्स बोर्डावर घ्यायचा आणि आकडा ऑफिसात दाखवायचा, एवढंच काम. हार्डवेअर इंटरप्ट (उपकरणानं सीपीयूला हातातलं काम थांबवायला लावणारी हाक) शिकायला याहून चांगला प्रकल्प नाही. चूक झाली तर आकडा लगेच चुकतो, आणि आकडा का चुकला हे शोधताना इंटरप्टची सगळी गणितं समजतात.

ज्यांना सी येते पण कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अजून हात घातलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळी पडताळणी रास्पबेरी पाय ४ आणि बुकवर्म आवृत्तीची ६४ बिट ओएस धरून आहे. पाय ५ वर जीपीआयओ पिना (सिग्नल आत-बाहेर नेणाऱ्या पिना) आरपी१ या वेगळ्या चिपमधून येतात, त्यामुळे तिथे कंट्रोलर वेगळा दिसेल. फंक्शन आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. कोडात ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची, अधोरेखा जिथे आहे तिथेच ठेवून.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. इंटरप्ट हँडलरला, म्हणजे इंटरप्ट आला की कर्नल जे फंक्शन चालवतो त्याला, थांबायची मुभा नसते. डिस्क, नेटवर्क, म्युटेक्स (मिळेपर्यंत झोपवून ठेवणारं कुलूप), मेमरी, कशाचीही वाट तो पाहू शकत नाही. पुढच्या पायऱ्यांतले बहुतेक नियम या एका अटीतून निघतात.

१. कर्नलमध्ये जायची गरज आहे का, ते ठरवा

मिनिटाला ६० स्ट्रोकच मोजायचे असतील तर युजरस्पेसमधली (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामसाठीची) लिबजीपीआयओडी लायब्ररी पुरते. तीही इंटरप्टच वापरते आणि प्रत्येक पल्सची वेळ कर्नलकडूनच घेते. पायथनच्या लूपमध्ये पिन पुन्हा पुन्हा वाचत बसण्याचा प्रकार मात्र करू नका. सीपीयू तापतो आणि पल्सही सुटतात.

कर्नल ड्रायव्हर लागतो तो पल्स आल्या क्षणी काही करायचं असतं तेव्हा, सेन्सरऐवजी स्वतःची रजिस्टरं असलेली चिप जोडायची असते तेव्हा, किंवा हे काम नीट शिकायचं असतं तेव्हा. कर्नलच्या काउंटर विभागात इंटरप्ट-सीएनटी नावाचा अगदी लहान ड्रायव्हर आधीपासून आहे. स्वतःचा लिहून झाला की तो वाचा, आधी नको.

२. साहित्य

- रास्पबेरी पाय ४, त्याचा स्वतंत्र ५ व्होल्ट अडॅप्टर, एसडी कार्ड
- तीन तारांचा २४ व्होल्ट इंडक्टिव्ह सेन्सर, पीएनपी (धातू समोर आला की काळ्या तारेवर +२४ देणारा), नॉर्मली ओपन, एम१८
- २४ व्होल्ट एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय (पॅनेलमध्ये बहुधा असतोच)
- पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवून प्रकाशातून सिग्नल देणारा) १
- ४.७ किलोओहम पाव वॅट रेझिस्टर १, १० किलोओहम १, १ किलोओहम १ (टेस्टसाठी)
- ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर १
- झिरो पीसीबी, शिल्डेड केबल, मल्टिमीटर
- बोर्डावर: जीसीसी, मेक, डीटीसी (डिव्हाइस ट्री कंपायलर) आणि लिनक्स-हेडर्स-आरपीआय-व्ही८ हे पॅकेज

हेडर्स आणि चालू कर्नल एकाच आवृत्तीचे हवेत. अपग्रेड करून रीबूट केलं नाही तर चालू कर्नल जुना राहतो आणि हेडर्स नवे येतात. मग मॉड्यूल (कंपाइल केलेला ड्रायव्हर) भरताना ‘इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ येतं. युनेम -आर काय सांगतं ते आधी पाहा आणि त्याच नावाचा फोल्डर लिब/मॉड्यूल्समध्ये आहे का, त्यात बिल्ड नावाची लिंक आहे का, हे तपासा.

३. वायरिंग: २४ व्होल्ट पिनेपर्यंत पोहोचता कामा नयेत

पायची पिन ३.३ व्होल्टची असते. तिला ५ व्होल्टही सोसत नाहीत, २४ तर दूरच. मधे ऑप्टोकपलर हवाच.

सेन्सरची तपकिरी तार +२४ ला, निळी ० व्होल्टला. काळी तार ४.७ किलोओहममधून पीसी८१७ च्या पिन १ ला, आणि पिन २ निळ्या तारेला. ऑप्टोच्या एलईडीवर साधारण १.२ व्होल्ट पडतात, म्हणून करंट होतो २२.८ भागिले ४७००, म्हणजे ४.८५ मिलिअँपिअर. रेझिस्टरवर ०.११ वॅट जातात, पाव वॅटचा पुरतो. अनेक सर्किटांत इथे २.२ किलोओहम दिसतो. त्यात रेझिस्टरवर ०.२४ वॅट पडतात, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर काठावर चालतो आणि फौंड्रीजवळच्या गरम पॅनेलमध्ये काळा पडतो.

दुसऱ्या बाजूला पिन ४ जीपीआयओ १७ ला, म्हणजे हेडरवरच्या (बोर्डावरच्या पिनांच्या पट्टीवरच्या) ११ नंबरच्या पिनेला. तिथूनच १० किलोओहम ३.३ व्होल्टला (हेडर पिन १). ऑप्टोची पिन ३ ग्राउंडला (हेडर पिन ९). ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जीपीआयओ १७ आणि ग्राउंडच्या मधे.

सेन्सरसमोर लोखंड नसताना पिनेवर ३.३ व्होल्ट दिसायला हवेत, लोखंड आल्यावर ०.२ च्या आसपास. हे मल्टिमीटरवर पाहिल्याशिवाय पुढची पायरी करू नका. कोडातली अर्धी शोधाशोध इथेच वाचते.

सेन्सर एनपीएन निघाला तर जोडणी उलटी: तपकिरी तारेवरून रेझिस्टर, मग पिन १, आणि पिन २ काळ्या तारेला. लेबल पुसलेलं असेल तर सेन्सर चालू करून काळी आणि निळी यांच्यात मोजा. लोखंड आणल्यावर २४ येत असतील तर पीएनपी.

पॅनेलच्या २४ व्होल्टचा शून्य आणि पायचा ग्राउंड एकमेकांना जोडू नका. जोडले की ऑप्टो लावून काही उपयोग राहिला नाही. पायला त्याच एसएमपीएसवरून बक कन्व्हर्टरनं (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटनं) सप्लाय दिला तरी दोन्ही ग्राउंड आतून जुळतातच, म्हणून वर स्वतंत्र अडॅप्टर लिहिला आहे.

अंतराचं गणितही लक्षात असू द्या. एम१८ फ्लश सेन्सरवर ५ मिलिमीटर लिहिलेलं असेल तर ते माइल्ड स्टीलसाठी असतं. धातूची पट्टी ४ मिलिमीटरच्या आत यायला हवी. ॲल्युमिनिअम किंवा पितळ असेल तर ते अंतर निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. अगदी काठावर बसवलेला सेन्सर प्रेसच्या हादऱ्यानं एका स्ट्रोकला तीन-चार पल्स देतो.

४. तारेवरचा पल्स हँडलरपर्यंत कसा पोहोचतो

पिनेवरचा व्होल्टेज पडला की जीपीआयओ कंट्रोलर ती घटना स्वतःच्या स्टेटस रजिस्टरमध्ये नोंदवतो आणि मुख्य इंटरप्ट कंट्रोलरला खबर देतो. पाय ४ मध्ये हा मुख्य कंट्रोलर म्हणजे जीआयसी-४००. त्यात ० ते १५ हे क्रमांक एका कोअरनं दुसऱ्याला हाक मारण्यासाठी, १६ ते ३१ प्रत्येक कोअरच्या खासगी टायमर वगैरेंसाठी, आणि ३२ पासून पुढचे बाहेरच्या उपकरणांसाठी असतात. जीआयसी एका कोअरला थांबवतो, कर्नल कोणती लाइन आहे ते विचारतो, आणि शेवटी तुमचा हँडलर चालतो.

यात नवख्याचा हमखास गोंधळ होतो तो क्रमांकांचा. इथे चार वेगवेगळे आकडे आहेत: हेडर पिन ११, जीपीआयओ १७, जीआयसीचा क्रमांक, आणि लिनक्सनं स्वतः दिलेला आयआरक्यू (इंटरप्ट रिक्वेस्ट) क्रमांक. शेवटचा आकडा आभासी असतो आणि रीबूटनंतर किंवा कर्नल बदलल्यावर बदलू शकतो. म्हणून तो कोडात कधीच थेट लिहू नका, कर्नलला विचारून घ्या.

दुसरी गोष्ट एज आणि लेव्हलची. एज म्हणजे व्होल्टेज बदलण्याचा क्षण. लेव्हल म्हणजे लाइन खाली आहे तोवर इंटरप्ट चालूच. एजमध्ये धोका पल्स हरवण्याचा: पहिल्याची दखल घेण्याआधी दुसरा आला तर स्टेटस बिट आधीच १ असतो, आणि दोन पल्सचा एकच इंटरप्ट होतो. लेव्हलमध्ये धोका उलटा: उपकरणाला ‘मिळालं’ असं सांगितलं नाही तर हँडलर संपताक्षणी पुन्हा सुरू होतो आणि तो कोअर दुसरं काहीच करत नाही. सेन्सरसाठी एज घ्या. एकच लाइन अनेक चिपा वापरत असतील तर लेव्हल.

५. डिव्हाइस ट्रीमध्ये नोंद

बोर्डाला काय कुठे जोडलं आहे हे कर्नलला सांगणारी यादी म्हणजे डिव्हाइस ट्री, आणि तिच्यात भर घालणारी छोटी फाइल म्हणजे ओव्हरले. ओव्हरले फाइलमध्ये दोन तुकडे लागतात. पहिला पिनेची मांडणी सांगतो: बीआरसीएम,पिन्स मध्ये १७, बीआरसीएम,फंक्शन मध्ये ० म्हणजे इनपुट, बीआरसीएम,पुल मध्ये २ म्हणजे पुल-अप. बाहेर १० किलोओहम असला तरी आतला पुल-अप चालू ठेवा. बाहेरचा सोल्डर सुटला तर पिन अधांतरी राहणार नाही.

दुसरा तुकडा उपकरणाचा: कंपॅटिबल मध्ये तुमचं नाव, इंटरप्ट-पेरेंट मध्ये जीपीआयओ, आणि इंटरप्ट्स मध्ये दोन आकडे, १७ आणि २. हा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे. १ म्हणजे चढती कड, २ म्हणजे उतरती, ३ म्हणजे दोन्ही, ४ म्हणजे वरची लेव्हल, ८ म्हणजे खालची. आपल्याला २ हवा. ३ लिहिला की प्रत्येक स्ट्रोक दोनदा मोजला जातो, आणि आकडा बरोबर दुप्पट आल्यानं लोक सेन्सर बदलत बसतात.

डीटीसीनं कंपाइल करताना -@ हा पर्याय द्या. तयार फाइल बूट/फर्मवेअर/ओव्हरलेज मध्ये ठेवा, कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये डीटीओव्हरले= नंतर तिचं नाव लिहा, रीबूट करा. बूट/ओव्हरलेज असा जुना रस्ता अनेक ठिकाणी दिसतो. बुकवर्ममध्ये तो बदललेला आहे.

६. प्रोबमधला क्रम

प्लॅटफॉर्म ड्रायव्हर लिहा. ओव्हरलेतलं कंपॅटिबल नाव जुळलं की कर्नल तुमचं प्रोब फंक्शन बोलावतो. आत पुढचा क्रम मोडू नका:

१) डेव्हएम_केझेडअलॉक नं स्वतःच्या स्ट्रक्चरला मेमरी घ्या.
२) स्पिनलॉक (झोपता न येता, मिळेपर्यंत फिरत राहायला लावणारं कुलूप) सुरू करा, मोजणी शून्य करा, डीबाउन्सची खिडकी (एक पल्स मोजल्यावर जितका वेळ पुढचे पल्स नाकारायचे तो काळ) भरा, प्लॅटफॉर्म_सेट_ड्रव्हडेटा करा.
३) प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू नं क्रमांक मागा. उणे आकडा आला तर तोच जसाच्या तसा परत करा.
४) सगळ्यात शेवटी डेव्हएम_रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू.

शेवटचं पाऊल शेवटीच का, तर रिक्वेस्ट यशस्वी झाल्याक्षणी हँडलर चालू शकतो, तुमचं प्रोब अजून परतलेलं नसतानाही. लॉक त्यानंतर सुरू केला तर प्रेस बंद असताना मॉड्यूल नीट भरतं आणि प्रेस चालू असताना भरलं की कोसळतं. टेबलावर ही चूक कधीच सापडत नाही.

तिसऱ्या पावलातली सूचना -५१७ या आकड्यासाठी आहे. त्याचा अर्थ ‘ज्याच्यावर मी अवलंबून आहे तो ड्रायव्हर अजून आलेला नाही, मला नंतर बोलवा’. तो पुसून त्याऐवजी स्वतःचा -२२ परत केला तर कर्नल पुन्हा बोलावणार नाही. डेव्ह_एरर_प्रोब वापरलं की हे आपोआप सांभाळलं जातं.

ट्रिगर एकाच जागी लिहा. डिव्हाइस ट्रीमध्ये २ लिहिला असेल तर रिक्वेस्टच्या फ्लॅगमध्ये दुसरं काही घालू नका.

७. हँडलर: वर कमी, खाली जास्त

काम दोन भागांत तोडायचं. साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरला आधी टोकन मिळतं, वजन आणि बाकीचा हिशेब पुढे होतो. गेटवरच वजन करायला घेतलं तर रांग हायवेपर्यंत जाईल. पहिला हँडलर हे टोकन देणारं गेट. तो हार्ड इंटरप्टमध्ये चालतो. दुसरा, म्हणजे थ्रेड फंक्शन, हा साधा कर्नल थ्रेड असतो आणि त्याला थांबता येतं.

आपल्या पहिल्या हँडलरमध्ये मोजक्याच ओळी आहेत. आधी केटाइम_गेट नं वेळ घ्या. मग मागच्या स्वीकारलेल्या पल्सपासूनचं अंतर खिडकीपेक्षा कमी असेल तर लगेच आयआरक्यू_हँडल्ड परत करा. नसेल तर स्पिनलॉक घेऊन मोजणी एकानं वाढवा, वेळ नोंदवा, लॉक सोडा. शेवटी आयआरक्यू_वेक_थ्रेड परत करा. याहून जास्त काही नको.

वेळ इथेच का घ्यायची? थ्रेड जागा व्हायला शेड्यूलरची मर्जी लागते, तिथे घेतलेली वेळ खरी नसते. मोजणीही इथेच का? कारण थ्रेड चालू असताना आणखी तीन पल्स आले तर थ्रेड तीनदा चालत नाही. ‘पुन्हा एकदा चाल’ एवढीच खूण राहते आणि तो एकदाच चालतो. मोजणी थ्रेडमध्ये ठेवली की गर्दीच्या वेळी आकडा गुपचूप कमी येतो.

नाकारलेल्या पल्सवरही आयआरक्यू_हँडल्डच द्यायचं, आयआरक्यू_नन नाही. आयआरक्यू_नन चा अर्थ ‘हा इंटरप्ट माझ्या उपकरणाचा नव्हता’ असा होतो. कर्नल हे मोजत असतो: एका लाइनवरच्या १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले तर तो ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश टाकून ती लाइनच बंद करतो.

डीबाउन्सची खिडकी किती ठेवायची, इथे जरा बारकाईनं बघा. सरधोपट उत्तर ५ किंवा १० मिलिसेकंद असं मिळतं. ते पुशबटणासाठी ठीक आहे, प्रेससाठी नाही. समजा प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोकचा आहे, म्हणजे दोन पल्समध्ये १००० मिलिसेकंद. रॅमवरची पट्टी सेन्सरसमोर २०० मिलिसेकंद राहते. पट्टी येताना पहिली उतरती कड येते, ती मोजली. आता पट्टी बाहेर पडताना हादऱ्यानं व्होल्टेज वर-खाली झाला तर त्यातही उतरत्या कडा असतात, आणि त्या २०० मिलिसेकंदांनंतर येतात. १० मिलिसेकंदांची खिडकी तेव्हा कधीच संपलेली असते, म्हणून स्ट्रोक दोनदा मोजला जातो. खिडकी पट्टी समोर राहण्याच्या वेळेपेक्षा मोठी आणि दोन स्ट्रोकमधल्या वेळेपेक्षा लहान हवी. इथे ४०० मिलिसेकंद योग्य. इचलकरंजीच्या मागावर पिक्स (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मोजायचे असतील आणि माग मिनिटाला १५० पिक्सनं चालत असेल तर दोन पल्समध्ये फक्त ४०० मिलिसेकंद असतात; तिथे हीच खिडकी ठेवली तर माग जरा वेगानं चालला तरी निम्म्यापर्यंत पल्स गळतील. म्हणून हा आकडा कोडात न कोरता ओव्हरलेमधून वाचा.

खिडकी मागच्या स्वीकारलेल्या पल्सपासूनच मोजा. नाकारलेल्या पल्सनंही घड्याळ पुढे ढकललं तर सतत नॉइज असलेल्या जागी एकही पल्स स्वीकारला जाणार नाही.

पहिल्या हँडलरमध्ये चालत नाहीत त्या गोष्टी: म्युटेक्स, एमस्लीप, जीएफपी_कर्नल घेऊन केमअलॉक, कॉपी_टू_युजर, आयटूसी किंवा एसपीआयवरचं साधं वाचन, फाइल उघडणं. यातलं काही केलं तर ‘शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक’ येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे कधी येईल आणि कधी येणार नाही. प्रिंटके चालतो, पण टाळा. सिरियल कन्सोल ११५२०० वर असेल तर ८० अक्षरांच्या एका ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात. त्या वेळात बाकीची कामं खोळंबतात.

थ्रेड फंक्शनमध्ये मात्र हे सगळं चालतं. आकडा बाहेर दाखवायची जागा म्हणजे सिसएफएस, कर्नलमधली माहिती फाइलसारखी वाचायला देणारी व्यवस्था. आपण थ्रेडमध्ये सिसएफएस_नोटिफाय करायचं, म्हणजे आकडा वाचणारा प्रोग्राम पोलवर झोपलेला असेल तर जागा होईल.

आयआरक्यूएफ_वनशॉट हा फ्लॅग कुठे लावायचा तेही पाहा. तो लावला की थ्रेड संपेपर्यंत लाइन झाकलेली राहते. एमसीपी२३०१७ सारखी आयटूसीवरची, जादा पिना देणारी चिप असेल तर तो हवाच, कारण तिचा स्टेटस वाचायला थांबावं लागतं आणि वाचेपर्यंत लाइन खालीच असते. तिथे पहिला हँडलर नल ठेवतात. नल हँडलर आणि वनशॉट नाही, असं मागितलं तर कर्नल सहसा -२२ देऊन नाकारतो. आपल्या पल्सला पहिला हँडलर आहे आणि कड मोजायची आहे, म्हणून वनशॉट नको.

टास्कलेट (हँडलरमधलं काम मागे ढकलायची जुनी पद्धत) वापरून लिहिलेली उदाहरणं अजून खूप फिरतात. नव्या कोडात ती पद्धत घेऊ नका; थ्रेडेड हँडलर किंवा वर्कक्यू (कर्नल थ्रेडनं नंतर करायच्या कामांची रांग) घ्या.

८. लॉक: एका शब्दाचा फरक आणि बोर्ड गोठतो

सिसएफएसमधून आकडा वाचणारं फंक्शन आणि हँडलर एकाच स्ट्रक्चरला हात लावतात. वाचणाऱ्या बाजूला स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह वापरा, साधा स्पिन_लॉक नाही.

साध्या लॉकनं काय होतं? वाचणाऱ्यानं लॉक घेतला, त्याच कोअरवर इंटरप्ट आला, हँडलर तोच लॉक मागत फिरत राहिला. लॉक ज्याच्याकडे आहे तो हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकणार नाही, आणि हँडलर लॉक मिळाल्याशिवाय संपणार नाही. पाय ४ ला चार कोअर आहेत आणि जीपीआयओचे इंटरप्ट सहसा पहिल्या कोअरवर येतात, तर वाचणारा प्रोग्राम बऱ्याचदा दुसऱ्या कोअरवर असतो. त्यामुळे हा दोष बराच काळ दिसत नाही आणि एखाद्या रात्रपाळीत बोर्ड अचानक गोठतो. कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग चालू केलेला कर्नल हा दोष गोठण्याआधीच ओळखून संदेश देतो. त्यासाठी कर्नल स्वतः कंपाइल करावा लागेल. हँडलर लिहिणार असाल तर कॉन्फिग_डीबग_ॲटॉमिक_स्लीपसकट तो एकदा करून ठेवाच.

९. बाहेर पडतानाचा क्रम

डेव्हएमनं सुरू होणाऱ्या फंक्शननी घेतलेल्या गोष्टी ड्रायव्हर निघताना आपोआप, उलट्या क्रमानं सुटतात. मेमरी आधी घेतली, इंटरप्ट नंतर, म्हणून सुटताना इंटरप्ट आधी सुटतो. बरोबर आहे. पण रिमूव्ह फंक्शन या सगळ्याच्या आधी चालतं. त्यात तुम्ही हातानं वर्कक्यू नष्ट केली आणि इंटरप्ट डेव्हएमवर सोडला, तर मधल्या क्षणी आलेला पल्स नष्ट झालेल्या रांगेत काम टाकायला जातो. असं काही असेल तर रिमूव्हच्या पहिल्याच ओळीत डिसेबल_आयआरक्यू करा.

डिसेबल_आयआरक्यू चालू हँडलर संपेपर्यंत थांबतो. म्हणून तो त्याच लाइनच्या हँडलरमधून कधीच बोलवू नका. स्वतःचीच वाट पाहत बसेल. तिथे डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक आहे.

१०. आधी टेबलावर, मग प्रेसवर

सेन्सर सोडवून जीपीआयओ २७ (हेडर पिन १३) १ किलोओहममधून जीपीआयओ १७ ला जोडा. कपॅसिटर तसाच राहू द्या. टेस्टपुरती खिडकी ५ मिलिसेकंदांवर आणा आणि एका छोट्या स्क्रिप्टनं २७ वर २० मिलिसेकंदांच्या अंतरानं १००० पल्स द्या. मोजणी १००० आली पाहिजे. ९९९ आली तरी पुढे जाऊ नका.

आता प्रोक/इंटरप्ट्स ही फाइल उघडा. त्यात अशी ओळ दिसेल:

५७:  १०००  ०  ०  ०  पिनसीटीआरएल-बीसीएम२८३५  १७  एज  पल्स-काउंटर

डावीकडचा ५७ हा लिनक्सचा आभासी क्रमांक, तुमच्याकडे वेगळा असेल. पुढचे चार आकडे चार कोअरवरचे इंटरप्ट. मग कंट्रोलरचं नाव, त्याच्या हिशेबातला क्रमांक १७, प्रकार, आणि तुम्ही रिक्वेस्टमध्ये दिलेलं नाव. वॉच -एन १ -डी लावून ही ओळ समोर ठेवली की स्क्रिप्ट चालवल्याबरोबर आकडा हलताना दिसतो.

या ओळीचा खरा उपयोग प्रेसवर गेल्यावर होतो. ती ओळ आलेले सगळे इंटरप्ट दाखवते, तुमची सिसएफएस फाइल स्वीकारलेले. शंभर स्ट्रोकला इथे १०३ आणि तिथे १०० असेल तर जोडणी चांगली. इथे ९०० दिसत असतील तर डीबाउन्सनं आजचा आकडा वाचवला आहे, वायरिंग मात्र वाईट आहे.

बोर्ड अजून हातात नसेल तर क्यूईएमयूमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) एडू नावाचं शिकण्यासाठीच बनवलेलं पीसीआय उपकरण आहे. त्याच्या ०एक्स६० या पत्त्यावर आकडा लिहिला की इंटरप्ट उठतो, ०एक्स२४ वर स्टेटस वाचता येतो, आणि तोच आकडा ०एक्स६४ वर लिहिला की इंटरप्ट शांत होतो. एमएसआय (तारेऐवजी मेमरीत लिहून दिलेला इंटरप्ट) न घेता जुन्या पद्धतीची आयएनटीएक्स लाइन घ्या आणि मुद्दाम ०एक्स६४ वर लिहू नका. लेव्हल इंटरप्टचं वादळ कसं दिसतं ते एकदा असं सुरक्षित जागी पाहून ठेवा.

११. अडलं तर

प्रोक/इंटरप्ट्समध्ये ओळच नाही: प्रोब चाललेलं नाही. डीमेसेज (कर्नलचे संदेश) पाहा. कंपॅटिबल नावात एका अक्षराचा फरक, किंवा ओव्हरले भरलाच गेलेला नाही, ही दोन कारणं आधी तपासा.

ओळ आहे पण आकडा हलत नाही: कोडाला हात लावू नका, मल्टिमीटर घ्या. पिन ३.३ वरून खाली येत नसेल तर पीएनपी-एनपीएनची अदलाबदल, किंवा ऑप्टो उलटा बसलेला.

रिक्वेस्ट -१६ देते: ती लाइन दुसऱ्या कुणीतरी धरली आहे. जीपीआयओमॉन (लिबजीपीआयओडीची पिनेवर नजर ठेवणारी कमांड) चालू राहिलेला असतो, किंवा दुसरा ओव्हरले त्याच पिनेवर असतो.

हेवी मोटर किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू होताना आकडा उडी मारतो: सिग्नलची केबल पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेलेली असते. वेगळी न्या, शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा. इंडक्शन फर्नेस असलेल्या फौंड्रीत पाय आणि ऑप्टोचा बोर्ड धातूच्या डब्यात घाला. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सप्रेसर नसेल तर तोही लावा.

लाइट गेल्यावर आकडा शून्य होतो: हे कर्नलमध्ये सोडवू नका, ड्रायव्हरमधून फाइल लिहिणं चुकीचं आहे. युजरस्पेसचा प्रोग्राम मिनिटाला एकदा आकडा साठवू दे आणि सुरू होताना तिथून पुढे मोजू दे. प्रत्येक पल्सला लिहायला लावलं तर एसडी कार्ड लवकर जातं.

वेळेत चढउतार दिसतो: सिस/कर्नल/ट्रेसिंग/इव्हेंट्स/आयआरक्यू मधले आयआरक्यू_हँडलर_एन्ट्री आणि आयआरक्यू_हँडलर_एक्झिट चालू करा, हँडलर कधी शिरला आणि कधी सुटला हे मायक्रोसेकंदांत मिळतं. प्रीएम्प्ट_आरटी, म्हणजे रिअल-टाइम कर्नल वापरत असाल (६.१२ पासून तो मुख्य कर्नलमध्ये आहे) तर तिथे तुमचा पहिला हँडलरही थ्रेडमध्ये ढकलला जातो. मोजणी बरोबर येते, पण केटाइम_गेट ची वेळ थोडी उशिराची असते. नुसते स्ट्रोक मोजायला त्यानं फरक पडत नाही, वेग काढायचा असेल तर पडतो.